आकाशाची वाट अकरावीच्या वर्गातून



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी सावलीसारख्या गावात मुलींच्या शिक्षणासाठी घरोघरी जाऊन पालकांची मनधरणी केली, असे येथील वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांच्या स्मृतिदिनी मी 'मुली आणि विमानोड्डाण' हा विषय निवडला, तेव्हा संयोजकांपैकी एकांनी जरा हसूनच विचारले, "सावलीत हा विषय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी स्वतः वैमानिक नाही. बडोद्यात तीस वर्षांहून अधिक काळ अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकविणे, एवढाच माझा अधिकार. परंतु मुलींच्या उड्डाणाचा निर्णय विमानतळावर होत नाही, तो माझ्यासारख्यांच्या वर्गात, किंबहुना त्या वर्गात येण्यापूर्वीच होऊन जातो, असे मला दीर्घकाळच्या निरीक्षणातून वाटत आले आहे. ते आपल्यापुढे मांडावे, एवढाच आजचा हेतू.

सावली हे गायकवाडांच्या इतिहासात मानाचे गाव आहे. १७३२ साली डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांची हत्या झाली, तेव्हा त्यांचे अंत्यसंस्कार याच भूमीत झाले. त्याच घराण्यातील सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. त्या सक्तीत मुलीही होत्या. महाराणी चिमणाबाईंनी १९११ साली एस. एम. मित्र यांच्या साहाय्याने भारतीय स्त्रीच्या स्थितीविषयी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. परदेशांतील स्त्रिया कोणकोणते व्यवसाय करतात आणि त्यांपैकी आपल्याकडे काय आणता येईल, याचा विचार त्यात आहे. पुढे १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्याच अध्यक्षा होत्या. विमानांशीही या संस्थानाचा संबंध जुना. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या तुकडीला 'बडोदा' हे नाव होते, ते येथून गेलेल्या देणगीमुळे. तेव्हा आजचा विषय या भूमीला परका आहे असे समजण्याचे कारण नाही.

स्त्रियांनी विमान चालवावे की नाही, हा प्रश्न वस्तुतः फार पूर्वीच निकालात निघाला आहे. जे. आर. डी. टाटांना १९२९ साली वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९३२ च्या परवान्याशी ऊर्मिला पारिख यांचे नाव जोडले जाते. १९३६ साली लाहोरात सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडविले, तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना चार वर्षांची मुलगी होती. त्यांनी हजार तासांचे उड्डाण पुरे केले. परंतु १९३९ साली त्यांच्या वैमानिक पतीचे अपघाती निधन झाले, त्यातच महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षण थांबले आणि व्यावसायिक परवान्याचा त्यांचा मार्ग खुंटला. पुढे त्या चित्रकला शिकल्या आणि फाळणीनंतर दिल्लीत त्यांनी वस्त्रे व दागिने यांच्या आरेखनाचा व्यवसाय उभा केला. त्यांचे चरित्र सांगताना लोक साडीपाशीच थांबतात. मला मात्र तो खुंटलेला परवाना अधिक बोलका वाटतो. १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळविणाऱ्या प्रेम माथुर यांना एकामागून एक विमान कंपन्यांनी नकार दिला. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले. इंडियन एअरलाइन्समध्ये पहिली स्त्री वैमानिक, दुर्बा बॅनर्जी, १९६६ साली आल्या. म्हणजे पहिल्या परवान्यापासून सरकारी कंपनीच्या कॉकपिटपर्यंत पोहोचायला स्त्रीला चौतीस वर्षे लागली.

आपल्या मराठी माणसांना ज्यांचे नाव ठाऊक असायला हवे आणि पुष्कळांना ठाऊक नसते, त्या कॅप्टन सौदामिनी देशमुख. नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे एक फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिल्चरला गेले. त्याच्या कमांडर देशमुख होत्या आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. केवळ स्त्रियांनी चालविलेले हे त्या कंपनीचे पहिले उड्डाण. या विमानाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण 'बायकांच्या अंगात तेवढी ताकद कोठे?' हा आक्षेप मी आजही ऐकतो. आजच्या एअरबसमध्ये वैमानिक हाताशी असलेली लहानशी दांडी हलवतो, तिचा संदेश संगणकाकडे जातो आणि पंखांवरचे पृष्ठभाग तेलाच्या दाबाने हलतात. फोकर फ्रेंडशिपची गोष्ट निराळी. त्याची मुख्य नियंत्रणे तारा व दांड्यांनी थेट वैमानिकाच्या हातापायांशी जोडलेली होती. अशा विमानाने डोंगरांनी वेढलेल्या बराक खोऱ्यातील कुंभीरग्रामच्या धावपट्टीवर दोन स्त्रियांनी प्रवासी सुखरूप उतरविले. ताकदीचा वाद तेथेच मिटायला हवा होता. देशमुखबाईंनी पुढे बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३२० या दोन्ही विमानांचे नेतृत्व केले. निवेदिता भसीन १९९० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, जेट विमानाच्या कमांडर झाल्या.

त्याच काळात विमानाच्या मागच्या भागात काम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती काय होती, हेही पाहण्यासारखे आहे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीला पहिल्या गर्भधारणेबरोबर नोकरी सोडावी लागत असे. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली, नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात, रद्द ठरविला. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचे नाही, ही अट त्याच निकालाने कायम ठेवली. मला तर 'हवाई सुंदरी' हा आपल्या वर्तमानपत्रांनी रूढ केलेला शब्दच खटकतो. आग लागली, विमान पाण्यात उतरले, तर प्रवाशांना नव्वद सेकंदांत बाहेर काढण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीचे नाव तिच्या रूपावरून ठेवावे, हे काही ठीक नव्हे.

हवाई दलाची दारे १९९०च्या दशकात उघडली. वैमानिक म्हणून दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील हरिता कौर देओल यांनी २ सप्टेंबर १९९४ रोजी ॲव्रो विमान एकटीने उडविले. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, नेल्लोरजवळ झालेल्या ॲव्रोच्या अपघातात त्यांना मृत्यू आला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. या व्यवसायात धोका आहे, आणि तो झाकून मुलींना उत्तेजन देणे हा अप्रामाणिकपणा होईल. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना व श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर चालविले. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ विमानांच्या वैमानिक म्हणून दाखल झाल्या. जून २०२० मध्ये नागपूरच्या अंतरा मेहता लढाऊ शाखेत निवडल्या गेलेल्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्री अधिकारी ठरल्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर मुलींना प्रवेश मिळाला आणि ३० मे २०२५ रोजी तेथून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

आता एक आकडा ऐका. जगभरच्या विमान कंपन्यांत शंभर वैमानिकांमागे स्त्रिया पाच-सहा आहेत. भारतात बारा ते पंधरा. अमेरिका-इंग्लंडपेक्षा आपण पुढे आहोत. याची कारणे जाणकार निरनिराळी देतात. एनसीसीच्या हवाई शाखेत शाळा-महाविद्यालयांतील मुलींना उड्डाणाचा पहिला स्पर्श होतो, कंपन्या रात्री घरी पोहोचविण्याची व्यवस्था करतात, वगैरे. त्यात एक कारण असे आहे की आपल्याकडे घरात आजी असते. बाळाला आजीजवळ ठेवून आई कामावर जाऊ शकते. एकत्र कुटुंब म्हणजे स्त्रीच्या पायातली बेडी, असे आपण नेहमी ऐकतो. येथे त्याच कुटुंबाने तिला आकाश दिले आहे.

मग अडले कोठे? माझ्या समजुतीप्रमाणे ते अकरावीच्या प्रवेशअर्जावर अडते. गुजरातच्या शालान्त मंडळात विज्ञान शाखेला दोन मुख्य गट असतात हे आपण जाणता. 'अ' गटात गणित, 'ब' गटात जीवशास्त्र. दहावीला गणितात उत्तम गुण मिळविलेली मुलगी 'ब' गटात येऊन बसलेली मी अनेकदा पाहिली आहे. विचारले की उत्तर ठरलेले : "बाबा म्हणाले, मुलीच्या जातीला डॉक्टरकी नाहीतर फार्मसी बरी." डॉक्टरकी उत्तमच, तिच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु ज्या घरात तिच्या भावाला 'काय घ्यायचे ते ठरव' म्हणून सांगतात, तेथेच तिच्यासाठी बाबा ठरवतात. आणि त्या एका खुणेने पुढची कित्येक दारे कुलूपबंद होतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी व्यावसायिक वैमानिकासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय मागितले आहेत. संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात जायचे तरी हेच दोन विषय, आणि विमान दुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला तर हवेतच. वैमानिकांसाठीची ही अट शिथिल करावी, अशी चर्चा २०२५ साली सुरू झाली. कला-वाणिज्य शाखेची मुलगी मुक्त विद्यालयातून हे दोन विषय पुढे देऊ शकते, हीही सोय आहे. परंतु अट राहो की जावो, परीक्षेतले गणित कोठे जात नाही.

ते गणित कोणते, हे विद्यार्थिनींना कळावे म्हणून एक उदाहरण देतो. समजा, एक लहान विमान बडोद्याहून दक्षिणेकडे निघाले आहे. हवेतला त्याचा वेग ताशी २०० किलोमीटर, आणि पश्चिमेकडून ताशी ४० किलोमीटरचा वारा वाहतो आहे. वैमानिकाने नाक सरळ दक्षिणेकडे ठेवले, तर तासाभराने ती २०० किलोमीटर दक्षिणेला असेल हे खरे, पण ठरल्या वाटेपासून ४० किलोमीटर पूर्वेला सरकलेली असेल. म्हणून तिने नाक किंचित पश्चिमेकडे वळवायला हवे. किती? ज्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, चाळीस भागिले दोनशे एवढी आहे, तितके. सुमारे साडेअकरा अंश. आणि तसे केल्यावर जमिनीवरचा तिचा वेग ताशी १९६ किलोमीटर उरतो, त्यावरून इंधनाचा हिशेब करायचा. हे काय आहे? नदी ओलांडणाऱ्या नावेचे जे गणित आम्ही अकरावीला सदिश राशींच्या धड्यात सोडवितो, तेच. महीच्या काठच्या मुलींना ते समजावून सांगायला वेळ लागू नये. विमानात सामान कोठे ठेवले म्हणजे तोल राहील, हा तरफेचा नियम. मे महिन्याच्या दुपारी धावपट्टी जास्त का लागते? तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही उतरतो, म्हणून. वैमानिकाच्या परीक्षेत मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाची तांत्रिक माहिती असे विषय असतात. त्यांतला बराचसा पाया शाळेतच घातला जातो.

खर्चाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण येथे बसलेल्या पालकांच्या मनात तोच प्रश्न असणार. व्यावसायिक परवान्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि उड्डाणाचे २०० तास भरावे लागतात. तासागणिक इंधन जळते, म्हणून हे शिक्षण पन्नास लाखांच्या घरात आणि पुष्कळदा त्याहूनही पुढे जाते. त्यानंतर विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण निराळे. परवाना हाती येऊनही नोकरीसाठी वर्ष-दोन वर्षे थांबलेले तरुण मी पाहिले आहेत. कंपन्या बुडतात, भरती थांबते, आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. जाहिरातीतला गणवेश पाहून जमीन विकायला निघालेल्या पालकाला मी आधी बसवून हे सारे सांगतो. अनुसूचित जाती व मागास वर्गांसाठी राज्य शासनाची सवलतीच्या व्याजाची कर्जयोजना आहे, तिची चौकशी जरूर करावी. हवाई दलाचा मार्ग निवडला तर प्रशिक्षणाचा खर्च सरकारच करते. माझे म्हणणे इतकेच की, मुलाला परदेशी पाठविण्यासाठी जे घर कर्ज काढते, त्याने मुलीच्या बाबतीत 'हिचे लग्न व्हायचे आहे' हे कारण पुढे करू नये. हिशेब करावा, पण दोघांसाठी एकाच वहीत करावा.

आणि आकाशाशी नाते जोडायला वैमानिकच व्हावे लागते असे नाही. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेला बसून हवाई वाहतूक नियंत्रक होऊ शकते. कोणत्या विमानाने किती उंचीवर राहावे, कोणी आधी उतरावे, हे ती ठरविते, आणि चाळीस वर्षांचा अनुभवी कॅप्टनही तिचा शब्द मानतो. या शिक्षणाला लाखो रुपये लागत नाहीत. मला विचाराल तर सावलीसारख्या गावातील हुशार मुलीसाठी हा सर्वांत सुगम मार्ग आहे आणि त्याची माहिती सर्वांत कमी आहे. विमानदुरुस्तीचा परवानाधारक अभियंता हा दुसरा मार्ग. त्याच्या सहीशिवाय विमान जागचे हलत नाही. 'त्याच्या' असे मी सवयीने म्हणालो. तेथेही आता मुली आहेत.

हे सारे दूरचे राहिलेले नाही. हरणीच्या विमानतळावरून गुजरात फ्लाइंग क्लबची लहान विमाने उडताना बडोदेकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी बडोद्यात टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. हवाई दलासाठी मागविलेल्या छप्पन्न विमानांपैकी चाळीस येथे जुळवायची आहेत. ही विमाने वापरणारी हवाई दलाची तुकडीही बडोद्यातच आहे. येथील गतिशक्ती विश्वविद्यालयाने एअरबसशी २०२३ साली शिक्षणविषयक करार केला. सावलीच्या रस्त्यावरची मंजुसरची वसाहत आपण रोज ओलांडता, आणि दिल्लीच्या मेट्रोचे डबे आपल्याच तालुक्यात तयार झाले, हेही आपण जाणता. ज्या तालुक्यात डबे होतात, त्याच्या शेजारी विमाने होऊ लागली. त्या कारखान्यांत आपल्या मुली रिव्हेट मारणाऱ्या, मोजमाप तपासणाऱ्या, आरेखन करणाऱ्या म्हणून जाणार, की फक्त उपाहारगृहात, हे येत्या दहा वर्षांत ठरेल.

लग्नाचा प्रश्न कोणीतरी विचारणारच. 'रात्री-अपरात्री जाणारी, आज दिल्ली तर उद्या दुबई, अशी सून कोण करील?' परिचारिकांच्या बाबतीत हाच प्रश्न आपल्या आजोबांनी विचारला होता. वैमानिकांच्या कामाचे तास आणि विश्रांतीचे तास कायद्याने बांधलेले असतात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. शिक्षकांना ती चैन नाही! मुंबईच्या आरोही पंडित या तरुणीने मे २०१९ मध्ये 'माही' नावाच्या चिमुकल्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला, आणि १५ ऑक्टोबर २०२१ रोजी जे. आर. डी. टाटांच्या १९३२ च्या टपाल-उड्डाणाची आठवण म्हणून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान नेले. गुजरातच्या आकाशातून गेलेल्या त्या मुलीचे लग्न कसे होणार, याची चिंता त्या दिवशी खाली कोणी केली असेल असे वाटत नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत नागरी क्षेत्रात चष्मा हा अडसर ठरत नाही. चष्म्याने दृष्टी पुरेशी सुधारत असली की झाले. हवाई दलाचे नियम मात्र कडक आहेत. रंगांधळेपण हा दोन्हीकडे मोठा अडथळा ठरतो, आणि ते पैसे भरल्यानंतर कळले तर घराचे नुकसान होते. मुलींमध्ये हा दोष मुलांपेक्षा फार कमी आढळतो, तरी तपासणी झालेली बरी. ईशिहारांच्या तक्त्याने, म्हणजे रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावून, ही तपासणी पाच मिनिटांत होते. माजी विद्यार्थ्यांत कोणी नेत्रवैद्य असतील, तर त्यांनी दहावीच्या वर्गासाठी एक सकाळ द्यावी. मुख्याध्यापकांनी ती सकाळ अकरावीचे अर्ज भरण्यापूर्वीची ठरवावी, आणि त्या दिवशी पालकांनाही बोलवावे.